किट कारमध्ये दुसरं इंजिन: हिशेब चाकापासून सुरू करा

इंजिन बदलण्याचा फोटो नेहमी एकच असतो. क्रेनच्या साखळीला लटकलेलं इंजिन, खाली गाडीचं उघडं नाक, आणि दोन माणसं दोन्ही बाजूंनी हात लावून ‘हळू, हळू’ करत उभी. बघणाऱ्याला वाटतं, हेच ते मोठं काम. त्या दिवशी खरं तर फार काही घडत नाही. दहा-बारा बोल्ट, एखादं खरचटलेलं बोट आणि चहा. मोठं काम त्याच्या आधी महिनाभर वही आणि वर्नियर घेऊन झालेलं असतं. झालेलं नसेल, तर पुढचे सहा महिने ते गाडीखाली आडवं पडून करावं लागतं.

मी इंग्लंडमध्ये राहतो. शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये गाड्या जोडत बसणाऱ्यांची इथे एक जमातच आहे आणि काही वर्षांपासून मीही त्यात आहे. माझ्याकडे लोटस सेव्हनच्या घाटाची एक जुनी किट कार आहे. तिच्यातलं फोर्डचं १६०० सीसीचं क्रॉसफ्लो इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स काढून मी फोर्डचंच दोन लिटरचं झेटेक इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला. पुण्याचे मित्र विचारतात, ‘एक काढायचं, दुसरं बसवायचं, त्यात एवढं काय?’ फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढतोय.

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेतलेली गाडी. चासी, पत्रे, सस्पेन्शनचे हात किट बनवणाऱ्याकडून येतात. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग अशा महागड्या वस्तू एखाद्या जुन्या गाडीतून काढायच्या. तिला इथे ‘डोनर’ म्हणतात. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये सेव्हन आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता. गाडी सुट्या भागांत घेऊन स्वतः जोडली तर तो वाचायचा. जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून कंपनी गाडी ‘सुटी कशी करायची’ याच्या सूचना द्यायची आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून उलट वाचायच्या, हा किस्सा इथल्या प्रत्येक मेळाव्यात एकदा तरी ऐकू येतो. खरा-खोटा देव जाणे. १९७३ मध्ये व्हॅट आला, ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले. गाडीचा घाट मात्र आजवर टिकून आहे. पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं साधं साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे. ही गाडी जन्मापासूनच उसन्या इंजिनावर चालत आली आहे, त्यामुळे तिच्यात आणखी एखादं उसनं इंजिन घालताना कोणालाच अपराधी वाटत नाही.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर बनवली होती. तिच्यात १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं, अॅम्बॅसॅडरमध्ये यायचं तेच. रस्त्यावर बघितलेल्या गाडीचे भाग वापरायचे, म्हणजे सुटे भाग गल्लीत मिळतात. डोनर निवडताना इंग्लंडमधला माणूस हाच विचार करतो, फक्त त्याची गल्ली फोर्ड एस्कॉर्ट, सिएरा आणि माझदा एमएक्स-५ यांची.

टायरपासून पुढे

नवखा माणूस आधी इंजिनाच्या प्रेमात पडतो. मग त्याला जुळणारा गिअरबॉक्स शोधतो, मग तो चासीत मावत नाही म्हणून टनेल, म्हणजे दोन सीटमधला त्याचा बोगदा, कापतो, आणि मागचा एक्सल आहे तोच ठेवतो. माझं म्हणणं उलट आहे. आधी टायर बघा, मग एक्सल, मग गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. कारण इंजिनाची ताकद शेवटी जमिनीला टेकते ती टायरपाशी, आणि टायर बदलायला सेव्हनच्या मडगार्डखाली फारशी जागाच नसते.

माझा टायर १८५/६० आर १३. एका फेरीत तो साधारण १.७ मीटर पुढे जातो. जुना एक्सल एस्कॉर्टचा, रेशो ३.८९. म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, ३.८९ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉप गिअर थेट, १:१, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांचे फेरे सारखेच. आता हिशेब करा. इथल्या मोटरवेवर वेगमर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किमी. त्या वेगाला चाक मिनिटाला ११०० हून थोडे जास्त फेरे मारतं. त्याला ३.८९ ने गुणलं की इंजिनाचे फेरे येतात ४३०० च्या घरात. छप्पर नाही, काच नावाला, आणि कानाशी ४३०० आरपीएम. दोन तासांनी गाडीतून उतरलो तरी डोक्यात घरघर चालूच असायची.

पाच गिअरचा जो बॉक्स सगळे वापरतात तो फोर्डचा टाइप ९, सिएरामधला. त्याचा पाचवा गिअर ०.८२. तेवढ्यानेच ४३०० चे ३५०० होतात. आणि एक्सलचा रेशो ३.८९ ऐवजी ३.५४ केला की ३२०० वर येतो. गाडी तीच, वेग तोच, फक्त मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यातली दातेरी चाकं बदलली.

आता दुसरं टोक बघा. टाइप ९ चा पहिला गिअर ३.६५. तो सिएरासाठी बनवला, म्हणजे चार माणसं, डिकीत सामान, मागे कदाचित कॅराव्हॅन आणि समोर चढ. सेव्हनचं वजन पाच-साडेपाचशे किलो. तिला एवढ्या आखूड पहिल्या गिअरची गरजच नाही. ३.६५ ला ३.८९ ने गुणा, १४.२ येतात. ६५०० आरपीएमला गाडी ४७ किमीवर पोचते आणि पहिला गिअर संपतो. सिग्नल सुटला की चौक ओलांडायच्या आधीच हात गिअरवर. ३.५४ चा एक्सल घातला की तोच गिअर ५१ पर्यंत जातो. थोडंसंच, पण जाणवतं. दुसरा गिअर १.९७ चा असल्याने बदलताना इंजिन ६५०० वरून एकदम ३५०० वर आपटतं, ही या बॉक्सची जुनी तक्रार. लहान इंजिनाला तिथे धाप लागते. दोन लिटरच्या इंजिनाला ३५०० ला पुरेसा जोर असतो, म्हणून ते खपून जातं. सिएराच्या व्ही-६ मॉडेलमध्ये हाच बॉक्स ३.३६ च्या पहिल्या गिअरसह यायचा. तो मिळाला तर उत्तमच, पण त्याच्या इनपुट शाफ्टची लांबी वेगळी, आणि ती भानगड काय ते पुढे सांगतोच.

हा सगळा हिशेब एका पानावर होतो. इंजिन विकत घ्यायच्या आधी तो झाला की निम्मे निर्णय आपोआप होतात. मला किती अश्वशक्ती हवी, हा प्रश्नही मग वेगळा दिसतो. झेटेकची सुमारे १३० अश्वशक्ती मोंडिओसारख्या घरगुती गाडीत कोणी लक्षातही ठेवणार नाही. साडेपाचशे किलोच्या गाडीत ती टनामागे २३० हून जास्त होते. नाकापेक्षा मोती जड होऊ नये. एस्कॉर्टच्या एक्सलचे हाफ शाफ्ट, म्हणजे गोळ्यापासून चाकापर्यंतचे दांडे, बनवणाऱ्याने अशा इंजिनाचा विचार केलेला नव्हता. झेटेकचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सुमारे १७५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये, एक्सलमधून निघेपर्यंत, तो २२०० च्या वर जातो. चिकट टायर आणि सोडलेला क्लच एकत्र आले की जे सगळ्यात अशक्त ते तुटतं. साध्या टायरवर टायर घसरतो आणि एक्सल वाचतो. म्हणून मी टायर मुद्दाम साधे ठेवलेत.

आडवं इंजिन उभं करताना

झेटेक ज्या गाड्यांमध्ये यायचं त्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या बगलेत. सेव्हनमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने बसतं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, चालकाच्या गुडघ्याशेजारी. इंजिन नुसतं ९० अंशांत फिरवायचं, पण तेवढ्याने अर्ध्या गोष्टी चुकीच्या जागी जातात.

सगळ्यात आधी नडतं ते ऑइलचं चेंबर. मूळ गाडीत ते जिथे खोल असतं ती जागा आता क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या नळीवर, येते. सेव्हन जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, तीही उदार हाताने मोजली तर, त्यामुळे चेंबर खाली लटकू द्यायचं नाही. वेगळं, उथळ चेंबर घालावं लागतं किंवा मूळ चेंबर कापून वेल्डिंग करावं लागतं. उथळ चेंबरची गोम वळणावर कळते. हलकी गाडी चांगल्या टायरवर जोरात वळली की बाजूला लागणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास जातो. तो बरोबर तेवढा झाला तर चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. ताटात वाढलेली पातळ आमटी ताट तिरकं केल्यावर जशी कडेला धावते तसं. ऑइल एका भिंतीला चिकटतं, पंपाची सोंड उघडी पडते, आणि दोन सेकंद बेअरिंगला ऑइलऐवजी हवा मिळते. इंजिन त्या दिवशी मरत नाही. काही महिन्यांनी ठोकायला लागतं, आणि मग माणूस नशिबाला दोष देतो. यावर उपाय म्हणजे चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा, ज्या ऑइलला सोंडेजवळ येऊ देतात पण जाऊ देत नाहीत.

दुसरी अडचण पाण्याची. झेटेकचं थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, इंजिनाच्या हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतं. मूळ गाडीत ते बाजूला येतं, हात सहज पोचतो. इंजिन फिरवल्यावर ते फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्याला, टेकतं. तिथे वेगळी, चपटी जोडणी लागते आणि गरम पाणी पुढे रेडिएटरपर्यंत न्यायला लांब पाइप. सेव्हनचं नाक उतरतं, रेडिएटर इंजिनापेक्षा खाली. मग हवा वर, इंजिनात अडकते. काटा नॉर्मल दाखवतो, कारण सेन्सर हवेत लटकलेला असतो, आणि हेड मात्र भाजत असतं. पाण्याच्या सगळ्या मार्गात सर्वात उंच जागी एक छोटी टाकी ठेवली की हवा तिथे गोळा होते. मी ती दुसऱ्यांदा बसवली. पहिल्यांदा का बसवली नाही, तर दिसायला वाईट दिसते म्हणून.

अल्टरनेटर स्टिअरिंगच्या दांड्याला भिडतो, मूळ इनटेक बॉनेटमध्ये मावत नाही, एक्झॉस्ट चासीच्या नळ्यांना चुकवत बाहेर काढावा लागतो. हे सगळं होतंच. घाबरण्यासारखं काही नाही, पण पुठ्ठा कापून आधी ठोकताळा बघावा. काही जण आतून रिकामा, खराब ब्लॉक भंगारातून आणतात आणि आधी तोच चढवून-उतरवून जागा पक्की करतात. रिकामा ब्लॉक दोघांना हातानेही उचलता येतो. हा शहाणपणा मला उशिरा सुचला.

इंजिन आणि गिअरबॉक्सची पत्रिका

ही पत्रिका जुळवताना मात्र घाई नको. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये घंटेच्या आकाराचं कवच असतं, बेल हाउसिंग. एका बाजूचे बोल्ट इंजिनाशी जुळले पाहिजेत, दुसऱ्या बाजूचे बॉक्सशी. झेटेक आणि टाइप ९ साठी असं कवच तयार मिळतं, ओतीव अॅल्युमिनियमचं. ते विकत घेतलं की काम झालं असं वाटतं. तसं होत नाही.

गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या इनपुट शाफ्टला एकाच वेळी तीन ठिकाणी नीट बसायचं असतं. त्याचं टोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या छिद्रातल्या छोट्या बेअरिंगमध्ये, त्याला स्पिगॉट बेअरिंग म्हणतात. त्याचे दाते क्लच प्लेटच्या मधल्या भागात. आणि त्याची लांबी अशी की टोक बेअरिंगमध्ये पुरेसं शिरेल, पण क्रँकवर आपटणार नाही. टोक अपुरं शिरलं तर शाफ्ट हलतो, क्लच प्लेट थरथरते, पहिला गिअर टाकताना खरखर होते. फार शिरलं तर आणखी वाईट. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळताना शाफ्ट क्रँकला पुढे ढकलतो आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग गाडी चालायच्या आधीच खलास होतं. म्हणून एकच नियम. बेल हाउसिंग हाताने ढकलून ब्लॉकला सपाट टेकलं पाहिजे. शेवटचे पाच मिलिमीटर बोल्टने ओढून आणायचे नाहीत. पाना लावून ओढायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात. व्ही-६ च्या बॉक्सचा शाफ्ट वेगळ्या लांबीचा म्हणजे हीच कटकट. तिथे बेल हाउसिंग किंवा शाफ्ट त्या बॉक्ससाठीचाच घ्यावा लागतो.

दोन्ही अक्ष एका रेषेत आहेत का हेही बघायचं. फ्लायव्हीलला, म्हणजे क्रँकच्या मागच्या जड चाकाला, डायल गेज लावून त्याचं टोक बेल हाउसिंगच्या गोल छिद्राच्या कडेवर टेकवायचं आणि क्रँक हाताने पूर्ण फिरवायचा. काटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास हलला तर ठीक. त्याहून बराच जास्त हलला तर डॉवेल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या त्या दोन छोट्या खुंट्या, तपासायच्या. बऱ्याचदा जुन्या इंजिनात एक खुंटी गायबच असते. कोणीतरी काढताना हरवलेली. बोल्ट कवचाला आवळून धरतात, पण मधोमध आणतात त्या खुंट्याच.

क्लच प्लेट उलटी बसते, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका बाजूला बहुतेक वेळा बारीक अक्षरांत ‘फ्लायव्हीलकडची बाजू’ असं छापलेलं असतं. वाचायचं.

फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांवर, किती जोर येतो? पटकन वाटतं, इंजिनाचा टॉर्क १७५, तेवढाच येत असणार. पण गिअरबॉक्स इंजिनालाच बोल्टने बांधलेला असतो, दोघं मिळून एक गठ्ठा. त्या गठ्ठ्यातून बाहेर पडतो तो गिअरने वाढवलेला टॉर्क, आणि तेवढ्याच जोराने गठ्ठा उलट्या दिशेला पिळला जातो. पहिल्या गिअरमध्ये १७५ गुणिले ३.६५, म्हणजे ६४० न्यूटन-मीटर. फाउंडेशनचे ब्रॅकेट दोन मिलिमीटर पत्र्याचे करून चालत नाहीत ते यामुळे. आणि रबर हवंच. रबर काढून लोखंडाला लोखंड जोडणारे आहेत, ते म्हणतात गाडी ‘जिवंत’ वाटते. दात किटकिटले की माणूसही जिवंत वाटतो.

तो लहानसा दांडा

प्रोपेलर शाफ्टकडे कोणी बघत नाही, आणि सगळ्यात चिवट थरथर तिथूनच येते. टाइप ९ जुन्या बॉक्सपेक्षा लांब. म्हणजे मागचा शाफ्ट तेवढाच आखूड. माझ्या गाडीत तो ६० सेंटिमीटरच्या आसपास उरला.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, युनिव्हर्सल जॉइंट. त्यांच्यामुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरतो. पण क्रॉसचा एक विचित्र स्वभाव आहे. आत एकसारखी गती घातली तरी बाहेर एकसारखी येत नाही. प्रत्येक फेरीत शाफ्ट दोनदा किंचित पुढे पळतो, दोनदा किंचित मागे राहतो. कोन तीन अंश असेल तर हा चढउतार एक-सप्तमांश टक्का, कळतही नाही. दहा अंशांत दीड टक्का. पंधरात साडेतीन टक्के, आणि तेव्हा आरसा इतका थरथरतो की मागची गाडी ट्रक आहे की सायकल ते कळत नाही.

याचं उत्तर क्रॉसच्याच स्वभावात आहे. दुसऱ्या टोकालाही तसाच क्रॉस, तेवढाच कोन, उलट दिशेने. पहिला जे बिघडवतो ते दुसरा दुरुस्त करतो. त्यासाठी दोन अटी आहेत. गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा आणि एक्सलचा आतला दांडा एकमेकांना समांतर हवेत, एक वर एक खाली असले तरी चालतील. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. शाफ्ट कापून आखूड करताना वेल्डरने एक काटा थोडा फिरवून जोडला तर दुरुस्ती अर्धवट राहते आणि थरथर उरते. माझा पहिला शाफ्ट असाच आला. बॅलन्सिंग केल्याची चिठ्ठी सोबत होती, आणि बॅलन्स खरंच बरोबर होता. काटे मात्र बोटभर फिरलेले. दोन आठवडे मी इंजिनाच्या रबरांना शिव्या देत होतो.

आखूड शाफ्टमध्ये कोन झटकन वाढतो. गिअरबॉक्स आणि एक्सल यांच्या उंचीत ३० मिलिमीटर फरक असेल, तर १२० सेंटिमीटरच्या शाफ्टला तो दीड अंश होतो, ६० च्या शाफ्टला जवळजवळ तीन. म्हणून सेव्हनमध्ये इंजिन पाच मिलिमीटर वर की खाली, हा वाद होतो. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या आतल्या सुया हलल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पडतात. अर्धा-एक अंश राहू द्यावा. शिवाय एक्सल खड्ड्यावर वर-खाली होतो, तेव्हा शाफ्टला पुढेमागे सरकायला जागा लागते. माझ्याकडे ती २० मिलिमीटर आहे, आणि मोजताना गाडी जॅकवर लटकती ठेवून चालत नाही. चाकं जमिनीवर, सीटवर माणसाच्या वजनाएवढं काहीतरी, आणि मग मोजायचं. मी सिमेंटच्या गोण्या ठेवल्या होत्या.

वायर आणि पेट्रोल

जुनं क्रॉसफ्लो चालायला एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर आणि एक कार्ब्युरेटर पुरे. झेटेकला मेंदू लागतो, ईसीयू. मूळ गाडीचा ईसीयू किल्लीतल्या चिपशी बांधलेला असतो. किल्ली ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. डोनर गाडीतून किल्ली, तिचा वाचक आणि सगळी वायरिंग आणली तर तो चालतो, पण बहुतेक जण मेगास्क्वर्टसारखा बाहेरचा ईसीयू घालतात. त्याला सगळ्यात महत्त्वाची माहिती हवी असते ती क्रँक आत्ता कुठे आहे ही. फोर्डने त्यासाठी सोपी युक्ती केली आहे. क्रँकबरोबर फिरणाऱ्या चकतीला ३६ दात्यांची जागा, म्हणजे दर दहा अंशांना एक, आणि त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला. सेन्सर दाते मोजत जातो आणि रिकामी जागा आली की त्याला कळतं, इथून एक. आरतीला टाळ्या वाजवणाऱ्यांत एक जण एका ठरावीक ठिकाणी हात थांबवतो आणि त्यावरून कडवं कुठे आलं ते आंधळ्यालाही कळतं, तसं.

वायरिंगमध्ये माझी सगळ्यात मोठी चूक ईसीयूची नव्हती. अर्थिंगची होती. इंजिन रबरावर बसतं, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. जाड अर्थ वायर इंजिनापासून चासीला लावायचीच असते. मी ती ‘नंतर लावू’ म्हणून ठेवली आणि विसरलो. सेल्फ मारला, सेल्फ दोन-तीनशे अँपिअर ओढतो, त्या करंटला परत जायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून तो अॅक्सिलरेटरच्या केबलमधून गेला. केबलच्या आवरणातून धूर निघाला आणि पेडल तिथेच चिकटलं. इंजिन सुरू झालं नाही हे नशीब. सुरू झालं असतं तर पूर्ण अॅक्सिलरेटरवर झालं असतं.

पेट्रोलकडे याहून गंभीरपणे बघा. कार्ब्युरेटरला साधारण पाव बार दाबाने पेट्रोल पुरतं. इंजेक्शनला तीन बार लागतो, म्हणजे दहापटीहून जास्त. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप पाव बारला वर्षानुवर्षं टिकते, तीन बारला एक दिवस निसटते आणि गरम एक्झॉस्टवर फवारा उडतो. पंप, फिल्टर, पाइप, क्लिप आणि टाकीकडे परत जाणारी नळी, हे सगळं इंजेक्शनच्या दाबाचंच घ्यायचं. गाडी उलटली किंवा आपटली तर पंप बंद करणारा स्विच फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत असतो. भंगारातून आणताना तोही आणावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की नोंदणीच्या कागदावर, त्याला व्ही५सी म्हणतात, इंजिन नंबर आणि सीसी बदलून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. नवीकोरी किट कार जोडली असेल तर तिची स्वतंत्र तपासणी होते, आयव्हीए नावाची, आणि तिथे बोल्टच्या उघड्या टोकांपासून आरशाच्या कडेपर्यंत सगळं बघतात. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत ते कडकपणे लावलं. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, आणि भलत्याच बनावटीचं इंजिन घालणं फार अवघड आहे. पुण्याच्या मित्राला जुन्या जीपसाठी मी हेच सांगितलं. आधी आरटीओत जा, मग भंगारवाल्याकडे.

पहिल्यांदा सुरू करताना

स्पार्क प्लग काढून ठेवायचे, पेट्रोलचा पंप बंद, आणि सेल्फवर इंजिन फिरवायचं, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. प्लग काढलेले असले की कॉम्प्रेशन नसतं, बेअरिंगवर भार येत नाही. काटा हलला की मगच प्लग लावायचे. टाइप ९ मध्ये ऑइल घातलंय ना, हे तिथल्या तिथे पुन्हा बघायचं. त्या बॉक्सला खाली ऑइल सोडायचं नटच नसतं, त्यामुळे ‘सोडलेलं नाही म्हणजे असेलच’ असं वाटतं, आणि भंगारातून आणलेल्या बॉक्समध्ये कधीकधी पेलाभरच उरलेलं असतं.

माझं इंजिन चौथ्या प्रयत्नाला लागलं. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, दुसऱ्या दिवशी १० मैल, मग घरी येऊन प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, फाउंडेशन आणि एक्झॉस्टचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. एक्झॉस्टचे दोन हाताने फिरत होते. रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरला आणि झोपलो. सकाळी त्यावर तीन डाग. पुढचा हिरवट आणि गोडसर वासाचा, म्हणजे पाणी, वॉटर पंपाची क्लिप. मधला काळा, चेंबरचं गॅस्केट. मागच्या डागाला सडक्या अंड्यासारखा वास होता. तो वास गिअरबॉक्स किंवा एक्सलच्या ऑइलमधल्या गंधकाचा. दोन्हीत तसलंच ऑइल, म्हणून पुठ्ठ्यावर पेनाने चाकांच्या खुणा केल्या आणि दुसऱ्या रात्री परत तिथेच गाडी लावली. डाग एक्सलच्या गोळ्याखाली आला. आता त्याचं ऑइल सील मागवलंय, आणि पुठ्ठा अजून तिथेच आहे.